खंडेनवमीचा ऑपरेटर

अमोनियाचा वास ज्याने कधी घेतला नाही, त्याला माझी नोकरी समजावून सांगणं अवघड आहे. शंभर कांदे एकदम कुणी नाकासमोर चिरले तर काय होईल, तेवढं धरून चाला. बेशुद्ध माणसाला कांदा हुंगवतात; अमोनिया हुंगवला तर मेलेला उठून पळेल, असं आमचे उस्ताद म्हणायचे. त्या वासात मी तीसेक वर्षं काढली आणि माझे डोळे, नाक, फुप्फुसं अजून शाबूत आहेत. ह्यात नशिबाचा भाग थोडा आणि माझ्या कामाचा जास्त, असं म्हणायला मी लाजत नाही.

मी तासगावात बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजवर ऑपरेटर होतो. गोष्ट नव्वद सालानंतरच्या दशकातली. तेव्हा तासगाव भागात जो तो द्राक्षं वाळवायच्या मागे लागला होता. उन्हाळ्यात शेडमध्ये द्राक्षं वाळवायची, बेदाणा झाला की पेट्या भरून आमच्याकडे आणून टाकायच्या आणि दिवाळीला भाव आला की काढायच्या. मधले सहा-सात महिने तो माल आमच्या जिवावर. खोलीत चार-पाच डिग्री थंडी राहिली पाहिजे. वाढली तर माल काळवंडतो, चिकट होतो, अळी पडते. शेतकरी महिन्या-दीड महिन्यानं येऊन आपल्या पेट्या बघून जायचे. जतकडचे एक म्हातारे तर पेटीवर हात ठेवून पाच मिनिटं नुसते उभे राहायचे. मी विचारलं, "आवं, काय बघताय एवढं?" तर म्हणाले, "लेक सासरी दिल्यावर बघाय येतंयच की माणूस."

थंडी तयार करतो अमोनिया. काँप्रेसर त्याला दाबतो, तो नळ्यांतून फिरतो, खोलीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो आणि परत येतो. सगळी विद्या त्याला नळीच्या आत ठेवण्यात. मीटर असतात, पण खरा ऑपरेटर नळीवर तळवा ठेवून सांगतो आत काय चाललंय ते. गळती कुठं आहे हे शोधायला गंधकाची कांडी पेटवून नळीजवळून फिरवायची. अमोनिया असेल तिथं पांढरा धूर उठतो. हे सगळं मी कराडजवळ मलकापूरच्या एका बर्फाच्या कारखान्यात उस्तादांच्या हाताखाली शिकलो. शिकवताना त्यांनी पहिल्याच दिवशी एक गोष्ट कानात भरली होती: ह्या गॅसला लोखंड चालतं, पितळ चालत नाही. पितळ तो आतून खातो, आणि खाल्लेलं वरून दिसत नाही.

आमच्या कोल्ड स्टोरेजवर मी एकटा ख्रिस्ती. नाव दानियल, पण हमालांपासून मालकांपर्यंत सगळे दानूच म्हणायचे. ह्या एकट्या असण्याचा एक फायदा सगळ्यांना होता. खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची, हत्यारांची पूजा. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही, त्याला विश्रांती. पण कोल्ड स्टोरेज पूजेपुरतं अर्धा तास थांबेल, दिवसभर थांबवलं तर बेदाण्याची भाजी होईल. मग काय करायचं? दानू आहे. मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे, पहिल्याच वर्षी म्हणाले, "दानू, तुला चालतंय न्हवं? मग त्या दिवशी तूच पान्हा धर." त्या बदल्यात रविवारी सकाळी उपासनेपुरते तीन तास बदली माणूस काँप्रेसरवर बसायचा, आणि नाताळला पूर्ण सुट्टी. असा आमचा अलिखित करार. खंडेनवमीचा ऑपरेटर म्हणून मला सगळे चिडवायचे आणि मला ते आवडायचं. नारळाचं खोबरं मला पहिलं मिळे.

मीही माझ्या बाजूनं एक नियम पाळत असे. मशीनला घातलेले झेंडूचे हार मी कधी काढत नसे. दुसऱ्याच्या देवाला वाहिलेली वस्तू, आपण का हात लावायचा? ते आपोआप सुकून गळेपर्यंत राहायचे. हा नियम मला भारी पडला, म्हणून सांगतो.

त्या वर्षी मॅनेजर होते जगतापसाहेब. पलूसचे, बी.कॉम. झालेले, कडक इस्त्रीचे. स्वभावानं वाईट नव्हते, पण काँप्रेसरच्या खोलीत पाऊल टाकत नसत. दारातूनच विचारायचे, "सगळं ठीक?" मी म्हणायचो, "ठीक." मान हलवून जायचे. खंडेनवमीला अण्णा दोन-चार बड्या व्यापाऱ्यांना घेऊन येणार होते, म्हणून साहेबांनी चार दिवस आधी सगळं धुऊन, रंगवून घेतलं. नंबर टाकलेल्या खोल्यांच्या बाहेर जो बोळ आहे, तिथं प्रत्येक खोलीच्या दाराशेजारी वाल्व असतात. त्यातल्या गॅसबरोबर आलेलं तेल काढायच्या नळीच्या तोंडाला पान्ह्यानं आवळलेलं लोखंडी बूच. मागचा वाल्व जुना, पूर्ण बसत नसे. त्यामुळं सगळी भिस्त त्या बुचावर.

पूजा थाटात झाली. अण्णांनी नारळ फोडला. मी काँप्रेसर अर्धा तास थांबवला, पुन्हा चालू केला. तासाभरात बोळातल्या वाल्वांवर बर्फाचा पांढरा थर चढला, वर हळदी-कुंकू, वर हार. छान दिसत होतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, एका रविवारी मी चर्चमध्ये असताना आमच्या हमालांतला एकजण लुनावरून धापा टाकत आला. दारातूनच ओरडला, "दानू, तीन नंबर फुटला!" मी इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर तसाच निघालो. कोल्ड स्टोरेजच्या अलीकडच्या वळणावरच वास आला. आवारात हमाल खोकत पडले होते, एकाचे डोळे टोमॅटोसारखे झाले होते. बदली माणूस पळून गेला होता, त्याला मी दोष देत नाही. ओला टॉवेल तोंडाला गुंडाळून मी आत गेलो आणि टाकीजवळचा मुख्य वाल्व बंद केला. त्याला आम्ही किंग वाल्व म्हणतो. डोळे मिटून, भिंतीवर हात फिरवत, पावलं मोजत गेलो. तो वाल्व कुठं आहे हे माझ्या हातांना माहीत होतं. जीव गेला नाही कुणाचा, हे मी आजही छाती काढून सांगतो.

पण माल गेला. दिवाळीसाठी गाडी भरायला तीन नंबरचं दार उघडं होतं आणि गॅस सरळ आत शिरला होता. हिरवा-पिवळा बेदाणा तासाभरात तपकिरी झाला. त्या हमालाचे डोळे आठवडाभर सुजले होते.

वास ओसरल्यावर मी फुटलेलं बूच हातात घेतलं. बूच पितळी होतं. आरपार तडकलेलं. शेजारच्या दोन नंबरचं पाहिलं, ते लोखंडीच होतं. अण्णा, जगतापसाहेब, हमाल सगळे आवारात उभे होते.

"अण्णा," मी म्हणालो, "हे पितळ हाय. हितं पितळ कुणी लावलं?"

अण्णांनी साहेबांकडं पाहिलं. साहेब रुमालानं डोळे पुसत होते. मग ते म्हणाले, "रंग दिला तेव्हा मी स्वतः बघितलंय, लोखंडी होतं. त्यानंतर मशीन थांबलं ते फक्त खंडेनवमीला. आणि खंडेनवमीला मशीनला दानूशिवाय कोण हात लावतं?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं वळल्या. गोष्ट खरीच होती. दर वर्षी त्या दिवशी बाकीचे हात जोडून उभे राहतात आणि पान्हा माझ्या हातात असतो. ज्या गोष्टीसाठी सगळे माझं कौतुक करायचे, तीच आता माझ्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली. मी शपथेवर सांगितलं, अण्णांना वाटलं मी नोकरीसाठी सांगतोय. "रविवारी तू देवळात बसतुयास आन हितं माझं घर जळतंय," म्हणाले. तासाभरात मी फाटकाबाहेर होतो. सोळा पावलांवर माझी सायकल होती, ती घेऊन चालत घरी आलो. बसायचं सुचलं नाही.

घरी सरोजिनीनं, माझ्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी न्हाई न्हवं लावलं?"

"न्हाई."

"मग जेवा."

जेवलो. पण पुढचे आठ दिवस फार वाईट गेले. ज्या तीन-चार ठिकाणी काम मागायला गेलो, तिथं माझ्याआधी बातमी पोचलेली. शेवटी एस.टी.नं मलकापूरला गेलो, उस्तादांकडं. ते आता थकले होते, बर्फाच्या कारखान्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचे. मी पाया पडलो. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "पितळ लावलंस म्हणं?"

नोकरी गेली त्याचं दुःख मला उस्तादांच्या त्या एका प्रश्नापुढं काहीच वाटलं नाही. ज्यानं शिकवलं, त्यालाही शंका आली होती. मी तिथं रडलो, पस्तिशीचा बाप्या.

चर्चमध्ये मात्र रोज संध्याकाळच्या प्रार्थनेला जात राहिलो. आमच्या रोजच्या प्रार्थनेत एक मागणं आहे: आम्ही इतरांना क्षमा केली तशी तू आम्हाला कर. लहानपणापासून पाठ. त्या ठिकाणी आलं की माझा आवाज बंद पडायचा. पाळकसाहेबांनी एकदा बाजूला घेऊन विचारलं. मी म्हणालो, "साहेब, हे म्हटलं तर खोटं होतंय." ते म्हणाले, "मग म्हणू नकोस. पण यायचं थांबू नकोस." मला हे पटलं. दुसऱ्या कुणी उपदेश केला असता तर मी चर्चच बदललं असतं.

नवव्या दिवशी सकाळी बिरूबा दारात आला. बिरूबा आमच्या हमालांचा मुकादम, आटपाडीकडचा धनगर. बापानं मेंढरं राखली, ह्यानं पेट्या वाहिल्या. उंबऱ्यातच बसला, आत यायला तयार नाही.

"दानू, माज्याच्यानं भाकरी गिळंना," तो म्हणाला. "सायबानं लावलं रं त्ये. खंडेनवमीला सकाळी, तू काँप्रेसरकडं व्हतास तवा. म्या बगितलं. सांगलीस्नं करून आणली व्हती, लखलखीत. म्हनला, गंजकं बूच पावन्यांच्या डोळ्यांपुडं बरं दिसत न्हाई. वास सुटला तर नाकाला रुमाल लावून स्वताच्या हातानं पान्ह्यानं आवळली."

"बिरूबा, तुमी त्या दिशी का बोलला न्हाईसा?"

"बारा गडी हायती माज्या हाताखाली. सायबाला खोटं पाडलं आस्तं तर आमचं काम ऱ्हायलं आस्तं व्हय?" त्यानं मान खाली घातली. "चुकलं माजं."

मला त्या क्षणी काय झालं म्हणून सांगू! साक्षीदार मिळाला. आता अण्णांकडं जायचं, साहेबांना सगळ्यांसमोर उघडं पाडायचं. मनात मी फाटकातून आत शिरलोसुद्धा. तेवढ्यात माझं लक्ष एका शब्दाकडं गेलं.

"बिरूबा, 'आणली व्हती' म्हंजे किती?"

"दोन. तिनाला आन पाचाला. ती दोन लय गंजली व्हती, रंगबी धरंनात."

पाच नंबर. पाच नंबरमध्ये तेव्हा विकलेला माल गाडीत भरायला बिरूबाची माणसं दिवसभर आत-बाहेर करत होती. हार अजून त्या वाल्वावर असणार, त्याखाली बर्फ, आणि बर्फाखाली पितळ. मी खंडेनवमीपासून दोन आठवडे त्या हारांसमोरून रोज ये-जा केली होती. एकदा हार बाजूला सारून, बर्फ खरवडून पाहिलं असतं तर हे घडलंच नसतं. वाल्वावरचा हार काढायला मला देवानं नाही, माझ्या नियमानं अडवलं होतं. ही माझी चूक, आणि ती मी कुणावर ढकलत नाही.

अण्णा त्या दिवशी सौद्याला सांगलीला गेलेले. परत यायला दुपार होणार. तोवर थांबून, त्यांच्यासमोर साहेबांची फजिती करून मग बूच काढायचं, असाही विचार मनात आला. खोटं कशाला बोलू? आला. सरोजिनी म्हणाली, "आत्ता फुटलं तर?" मी सायकल काढली.

साहेब ऑफिसात होते. मला पाहून उभे राहिले. वॉचमनला हाक मारणार, तेवढ्यात मी दार लावून घेतलं.

"साहेब, पाच नंबरलाबी पितळ हाय. मला म्हाईत हाय आन तुमाला म्हाईत हाय. भांडण मागनं करू. आधी माणसं भाईर काढा."

त्यांचा चेहरा पडला. "पण ते घट्ट आवळलंय..." एवढंच म्हणाले, आणि काय बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं.

"घट्ट असू द्या न्हाईतर सैल. गॅस पितळ खातो."

"मला वाटलं, पितळ चालत नाही हे त्या दिवशी तू स्वतःला वाचवायला म्हणालास." ते टेबलामागून पुढं आले. "खरंच खातो?"

बिरूबानं माणसं बाहेर काढली. मी पाच नंबरची लाइन बंद केली, त्यातला गॅस काँप्रेसरनं ओढून घेतला, मग हार काढला, बर्फ खरवडला, बूच सोडवलं आणि लोखंडी बसवलं. काढलेलं बूच खिडकीच्या उजेडात धरलं. केसाएवढी एक बारीक रेघ अर्ध्या घेरातून गेली होती. साहेबांनी ती पाहिली आणि ते तिथंच पेटीवर बसले.

"साहेब," मी म्हणालो, "मी तुमाला क्षमा केली. पण अण्णांना खरं काय ते तुमीच सांगायचं. मी न्हाई सांगणार, बिरूबा न्हाई सांगणार."

क्षमा म्हणजे झाकपाक नव्हे, एवढं मला कळत होतं. अण्णा दुपारी आले. साहेबांनी सांगितलं. सगळं सांगितलं, खंडेनवमीला मशीनला हात लावला हेसुद्धा, आणि ते सांगताना त्यांचा आवाज जास्त कापला. अण्णांनी मला बोलावून सगळ्या हमालांसमोर हात जोडले. म्हणाले, "दानू, आजपासनं तू कामावर. आन ह्येला ठिवायचा का काढायचा, तूच सांग."

"ठेवा," मी म्हणालो.

हे ऐकून उस्तादांनी मलकापूरहून पेढे पाठवले. पाळकसाहेबांनी उपासनेत माझं उदाहरण दिलं. तासगावात मी क्षमाशील माणूस म्हणून प्रसिद्ध झालो. सांगणं इथंच संपवलं असतं तर मी किती चांगला दिसलो असतो! पण पुढची दोन वर्षं सांगितली नाहीत तर ही गोष्ट अर्धीच होईल.

त्या दोन वर्षांत मी जगतापसाहेबांना रोज क्षमा केली. चारचौघांत केली. नवीन शेतकरी आला की मी नाव न घेता सगळी हकीकत सांगायचो आणि शेवटी हळूच ऑफिसच्या खिडकीकडं पाहायचो. साहेब काही सुचवायला आले की म्हणायचो, "तुमी काळजी करू नका साहेब, माझं काय मनात न्हाई." नाताळला सर्वांत मोठं फराळाचं ताट त्यांना. माणूस वाळत चालला होता. अण्णांनी विचारल्याशिवाय तोंड उघडत नव्हता. आणि मला वाटायचं, हे सगळं माझ्या चांगुलपणाचं तेज.

एका नाताळला ताट भरताना सरोजिनीनं करंजी हातातच धरली. "आवं, एक इचारू? त्या माणसाला तुमी सोडणार कवा?"

"सोडणार म्हंजे? माफ करून दोन वर्सं झाली."

"माफ करून न्हवं, माफ करीत दोन वर्सं झाली. त्येनं एकदा खोटं बोललं. तुमी रोज त्येला गावाफुडं उभा करताय. ह्यापरीस काढला आस्ता तर सुटला आस्ता बिचारा."

मी चिडलो. ताट तसंच ठेवून बाहेर गेलो. पण बायकोचं बोलणं अमोनियासारखं असतं. दार लावलं तरी आत येतं. पुढच्या रविवारी उपासना झाल्यावर मी घरी न जाता पलूसची एस.टी. पकडली.

साहेब अंगणात खाटेवर बसले होते. मला पाहून दचकले. बहुतेक वाटलं असेल, आता घरीसुद्धा क्षमा करायला आला. त्यांच्या बायकोनं चहा दिला. तो तसाच ठेवून मी म्हणालो, "साहेब, मी माफी मागायला आलोय. त्या दिशी मी तुमाला माफ केलं, ते तोंडानं केलं. मग दोन वर्सं त्येचं व्याज घेतलं. हितनं पुढं ती गोष्ट माझ्या तोंडातनं भाईर पडणार न्हाई. माझं चुकलं."

साहेब अंगणातल्या कोंबड्या बघत राहिले. मग म्हणाले, "दानू, तुला माहीत आहे, मी काँप्रेसरच्या खोलीत का येत नाही?"

"वास सोसत न्हाई म्हणून."

"मला त्यातलं काही कळत नाही म्हणून. पहिल्या दिवशी अण्णांनी विचारलं, मशीनची माहिती आहे ना? मी हो म्हणालो. घरात दोन बहिणी लग्नाच्या होत्या. मग रोज भीती, कुणीतरी काहीतरी विचारेल. मला रंग कळतो, झाडलोट कळते, म्हणून तेच करत बसायचो. त्या बुचाला पितळ का चालत नाही, हे मला कुणाला विचारताही आलं नसतं." त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "शिकवशील?"

माझ्याहून दहा वर्षांनी मोठा माणूस, माझा साहेब. मी मान हलवली आणि गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

सोमवारी सकाळी सातला ते आले. इस्त्रीचा शर्ट नव्हता, जुना, कोपरावर विरलेला घातला होता. उंबऱ्यापाशी थांबले. बिरूबा पेटी खांद्यावर घेऊन बघत उभा राहिला. मी म्हणालो, "या, साहेब." ते आत आले. मी त्यांचा हात धरून तळवा नळीवर ठेवला. आधी जाणाऱ्या नळीवर, मग येणाऱ्या. एक गरम, एक गार, आणि दोन्हींत बारीक थरथर. काय दाबलं जातंय, काय परत येतंय, सगळं सांगितलं. ते डोळे मिटून ऐकत होते. सांगून झाल्यावर मी विचारलं, "कळलं?"

"नाही," ते म्हणाले.

मी म्हणालो, "मग परत हात लावा."